‘७० टक्के अन्न छोट्या शेतातून येतं’ हे वाक्य आता सोडूया का?

वाफसा

छोट्या कुटुंबशेतीचा विषय निघाला की पाच मिनिटांत कुणीतरी हे वाक्य टाकतंच: जगाचं ७० टक्के अन्न छोटे शेतकरी पिकवतात. मीही वर्षानुवर्षं टाकत आलो. परवा मित्राने ‘कशावरून?’ एवढंच विचारलं, म्हणून शोधायला बसलो, तर पाया ठिसूळ निघाला. २००९ मधल्या एका अहवालातला तो अंदाज. त्यात मासेमार, पशुपालक, रानातून गोळा करून आणणारे, शहरातल्या परसबागा असे सगळेच धरलेले. शिवाय आपण ‘कुटुंबशेती’ आणि ‘छोटी शेती’ एकच समजतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना जो ८० टक्क्यांचा आकडा देते तो कुटुंबशेतीचा, आणि हजारो एकर यंत्राने कसणारं कुटुंबही त्यातच मोडतं.

त्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये पुन्हा मांडलेला हिशोब असा: जगात साठ कोटींहून जास्त शेतं. त्यातली ८४ टक्के दोन हेक्टरच्या, म्हणजे साधारण पाच एकरांच्या आतली. त्यांच्याकडे जमीन जेमतेम १२ टक्के आणि त्यांच्या हातून पिकतं सुमारे ३५ टक्के अन्न. मला तर हा आकडा सत्तरपेक्षा जास्त बोलका वाटतो.

पण माझा खरा मुद्दा किती पिकतं हा नाहीच, काय काय पिकतं हा आहे. अन्नासाठी माणूस सुमारे ६००० वनस्पती लावतो आणि एकूण पीक उत्पादनाचा ६६ टक्के भाग फक्त नऊ पिकांतून येतो. उरलेल्या हजारो कुणी जिवंत ठेवल्या? दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगरातलं एखादं घर घ्या. जमीन एका जागी नाही. एक तुकडा खाली ओढ्याजवळ, एक मधल्या उतारावर, एक पार वर थंडीत. नकाशावर बघितलं तर वेडेपणा वाटेल, चालण्यातच अर्धा दिवस जातो. पण हिमकडाका वरचा तुकडा घेऊन जातो तेव्हा खालचा वाचतो. आणि एकाच तुकड्यात बटाट्याचे दहा-वीस वाण मिसळून लावलेले: जांभळे, वाकडे, कडू, लवकर येणारे, उशिरा येणारे. त्या डोंगरांत आजही बटाट्याचे हजारो वाण टिकून आहेत. मोठी कंपनी हे करणार नाही, कारण तिच्या यंत्राला एकसारखा बटाटा लागतो.

तेव्हा सत्तर टक्के सोडू आणि विविधतेवर बोलू. काय म्हणता?

शंकासुर

धागा आवडला. स्वतःच्या बाजूचा खोटा आकडा स्वतः काढून टाकणारे कमीच. पण वाफसाराव, बटाट्याचंच उदाहरण घेतलंत तर पुढचं पानही वाचा. आयर्लंड, १८४५. गरिबांच्या शेतात जवळजवळ एकच वाण, लंपर. कंदापासूनच लावण, म्हणजे सगळी झाडं एकमेकांची नक्कल. करपा आला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. एकपिकाच्या धोक्याचा धडा म्हणून हे सगळीकडे सांगतात. मात्र ती शेतं मोठी नव्हती. एक-दोन एकराचे तुकडे होते, घरचीच माणसं कसत होती. तुकडा इतका लहान की कुटुंबाचं पोट भरेल असं दुसरं पीकच त्यात मावेना. विविधता मोठ्या शेतीने नाही मारली, लहानपणाने मारली.

आजचं हवं असेल तर पश्चिम आफ्रिकेतला कोको बघा. दोन-चार हेक्टरची घरची शेतं आणि मैलोन् मैल एकच झाड. धान्य बाजारातून विकत.

वाफसा

घाव वर्मी बसला, मान्य. फक्त एक जोडतो. आयर्लंडच्या त्या तुकड्यांचे मालक ते कसणारे नव्हते. खंड भरायचा होता. चांगल्या जमिनीवरचं धान्य आणि जनावरं खंडापोटी जायची, दुष्काळातही बंदरातून बाहेर जात होती. उरलेल्या चतकोरात बटाटा. तेव्हा ‘लहान’ याच्या आधी ‘कुणाचं’ हा प्रश्न येतो. अँडीजमधल्या माणसाला कुठला तुकडा कशाला ठेवायचा हे स्वतः ठरवता येतं, आयरिश कुळाला येत नव्हतं. माझ्या मूळ लेखात हे यायला हवं होतं.

ताळेबंद

दोघांच्या मध्ये तोंड घालतो. ५१ देशांतल्या ११८ अभ्यासांचा एकत्र आढावा २०२१ मध्ये आला. लहान शेतात सरासरी एकरी उत्पादन जास्त, पिकांची आणि बाकी जीवसृष्टीची विविधता जास्त. इथे वाफसा खूश होतील. पण नफा, पाणी-खतांचा काटकसरी वापर आणि हरितगृह वायू यांत आकारानुसार ठाम फरक सापडला नाही. इथे शंकासुर खूश. तेव्हा ‘छोटं म्हणजे पर्यावरणपूरक’ असं एका दमात म्हणू नये.

विविधतेचं एक कारण तर शाळेच्या भूमितीतलं आहे. १०० हेक्टरचा एक सलग चौरस घ्या: बाजू एक किलोमीटर, कडा चार किलोमीटर. त्याच जमिनीचे एकेक हेक्टरचे शंभर चौकोन करा, बांध होतात २२ किलोमीटर. साडेपाचपट! बांधावर गवत, झुडपं, मधमाश्या, कोळी, बेडूक, पाखरं. पीक कुठलं आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

शंकासुर

बांधाचा हिशोब मस्त. पण ते बांध पिकाखाली नसतात आणि यंत्र दर शंभर मीटरवर वळवावं लागतं, त्याचं डिझेलही त्याच वहीत मांडा.

आता ‘स्थानिक’ या शब्दाकडे. ताटात कमी अंतरावरून आलेलं अन्न म्हणजे हवामानाला दिलासा, हा समज पक्का बसलाय. २०१८ मधल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासात अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सहाएक टक्के निघाला. बहुतेक भार शेतात, गोठ्यात आणि जंगल तोडून काढलेल्या जमिनीत. थंडीत तापवलेल्या काचघरात शेजारी पिकवलेल्या भाजीपेक्षा उन्हाच्या देशातून जहाजाने आलेली भाजी हलकी असू शकते. विमानाने आलेली नव्हे, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचा प्रतिसाद त्यावरच येईल.

वाफसा

विमानावरच लिहायला घेतलं होतं, खोडलं :)

अंतराचा मुद्दा मी कधी धरलाच नव्हता, पण बरं झालं काढलात. स्थानिक असण्याचा फायदा ट्रकच्या धुरात नाही, शेणात आहे. जनावरं आणि पिकं एकाच घरात असतील तर कडबा गोठ्यात जातो, शेण शेतात येतं, चक्र पूर्ण होतं. ती दोन ठिकाणी तोडली की एकीकडे शेणमुताची तळी साचून विहिरींत नायट्रेट उतरतं आणि दुसरीकडे नैसर्गिक वायू खर्चून बनवलेला युरिया विकत आणावा लागतो.

ताळेबंद

यावर सहमत. फक्त छोटं आणि सेंद्रिय यांची गाठ मारू नका, ती चूक श्रीलंकेला महागात पडली. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद, भाताचं उत्पादन कोसळलं, नोव्हेंबरपर्यंत सरकारला पाऊल मागे घ्यावं लागलं. त्याचा मार बसला तो लहान शेतकऱ्यांनाच.

उंबरठा

सगळे आकडे वाचले. एक शब्द सगळ्यांनी गुपचूप वापरलाय, ‘घरची माणसं’. त्यावर बोलते.

मी तशाच शेतात वाढले. पाच एकरांच्या आतलं, सात-आठ पिकं, दोन गाई, कोंबड्या. चित्र काढावं इतकं सुंदर. एकरी उत्पादन जास्त का, याचं उत्तर अभ्यासात शोधायची गरज नाही, माझ्या आईच्या गुडघ्यांत आहे. मिश्रपिकात यंत्र घालता येत नाही, म्हणून तण हाताने. एका ओळीत शेंगेचं पीक, दुसऱ्यात धान्य, मधे वेल. वाकायचं, ओळखायचं, उपटायचं. आई उजव्या हाताने खुरपायची आणि डावा हात जमिनीला टेकायची, त्यामुळे डाव्या तळव्याला घट्टा पडला होता. लोकांना उजव्या हाताला पडतो. सुगीत मी शाळा बुडवायची, भावाने नाही. त्या कामाची मजुरी कुठल्याच वहीत चढली नाही. पैसे द्यावे लागले असते तर ‘एकरी उत्पादन जास्त’ ऐवजी ‘परवडत नाही’ असं लिहिलं गेलं असतं.

विविधता हवी, नक्की हवी. ती कुणाच्या पाठीवर उभी आहे तेवढं विचारते.

काटेकोर

+१. अर्थशास्त्रात हे जुनं आहे. अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्येच ही चर्चा सुरू केली: शेत लहान तर एकरी उत्पादन जास्त दिसतं, कारण घरच्या श्रमाला मजुरी द्यावी लागत नाही, म्हणून माणूस राबतच राहतो. त्याआधी १९२० च्या दशकात रशियात अर्थतज्ज्ञ चायानोव यांनी शेतकरी कुटुंबाच्या ‘आत्मशोषणा’बद्दल, म्हणजे स्वतःलाच राबवून घेण्याबद्दल, लिहिलं होतं. पुढे स्टालिनच्या राजवटीत त्यांना अटक झाली आणि १९३७ मध्ये गोळी घातली. तिथे शेतं बळजबरीने एकत्र करून मोठी केली गेली आणि लाखो माणसं उपाशी मेली. म्हणजे कष्टांचा मुद्दा खरा, पण ‘करा मग सगळं मोठं’ हे उत्तरही साधं नाही.

शंकासुर

स्टालिन कशाला मधे आणता राव. मोठं म्हणजे रणगाडे पाठवून मोठं असं कोण म्हणतंय? लोक स्वतःच शेती सोडतायत. उंबरठाताई, तुम्ही परत गेलात का?

उंबरठा

नाही गेले. आणि विचारायची पद्धत आवडली नाही, पण प्रश्न रास्त आहे.

वाफसा

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्याकडे चोख उत्तर नाही. एवढंच म्हणेन की श्रम फुकट धरले जातात याचा दोष मिश्रपिकाचा नाही, त्या पिकाला भाव न देणाऱ्या बाजाराचा आहे. सरकारने ठरवलं तर भाव देता येतो. ब्राझीलने २००९ मध्ये कायदाच केला: शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के वाटा थेट कुटुंबशेतीच्या मालावर खर्च व्हायला हवा असं त्यात ठरलं. शाळेला ताजं मिळतं आणि शेतकऱ्याला पेरणीआधीच गिऱ्हाईक ठाऊक असतं.

बांधकरी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी अजून शेतीतच आहे, लहानच. त्या शाळेच्या गिऱ्हाइकाबद्दल सांगतो, कारण आम्ही तेच करून बघितलं आणि तोंडावर पडलो.

एका वसतिगृहाच्या खानावळीशी बोलणं झालं. त्यांना मंगळवारी एकाच भाजीचे चाळीस किलो हवे. आमच्याकडे आठ भाज्यांचे पाच-पाच किलो. बेरीज तीच, पण आचाऱ्याने हात जोडले: ‘दीडशे ताटांत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी भाजी कशी वाढू?’ त्याचंही खरंच. वर त्याला सगळा माल एका मापाचा हवा, नाहीतर चिरायला दुप्पट वेळ. पहिल्या महिन्यात निम्मा माल परत आला आणि बिलाचे पैसे तीन महिने लटकले. तुम्ही इथे जिचं कौतुक करताय ती विविधता विकायला उभं राहिलं की अडचण होते.

मग अकरा घरं एकत्र आलो. कुणाचं काय कधी निघणार याचा तक्ता केला. पेरणी आठ-आठ दिवसांच्या अंतराने, म्हणजे अकरा घरांचे मिळून चाळीस किलो एका वेळी जमतात आणि प्रत्येकाच्या शेतात सात-आठ पिकं तशीच राहतात. पहाटे एका पडवीत माल येतो, निवडला जातो, क्रेट भरले जातात, एकच गाडी जाते. वेडावाकडा माल वेगळा काढून तो आम्हीच खातो किंवा गाई खातात. दुसरं वर्ष चालू आहे. श्रीमंत झालो नाही, पण दोघांनी विकायला काढलेली जमीन तूर्त राखली.

ताळेबंद

हा धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. म्हणजे शेत छोटं आणि विक्री मोठी. शंकासुर, इथे तुमचं ‘मोठं’ आलं की.

शंकासुर

आलं, आणि मला चालेल. फक्त अकरातल्या तिघांनी ऐनवेळी दुसऱ्याला जास्त भावाने माल दिला तर काय, ते बांधकरींनी सांगावं.

बांधकरी

एकदा झालं. दोघांनी केलं. त्यांना पुढचे दोन मंगळवार बाहेर ठेवलं. भांडण झालं, एकजण अजून बोलत नाही. तक्त्यात मात्र आहे.

उंबरठा

पहाटे पडवीत माल निवडतं कोण?

बांधकरी

माझी बायको आणि शेजारच्या दोघी.

उंबरठा

आणि त्यांना त्याचे किती?

बांधकरी

गाडीवाल्याचे आणि क्रेटचे पैसे वहीत आधी वजा होतात. माल निवडण्याचे होत नाहीत, खरं आहे. तीन तास लागतात त्यांना. रविवारी हिशोबाला बसतो आम्ही, तेव्हा हा रकाना मांडतो. विरोध होणार, पहिला माझ्याच भावाचा.