मदत हवी आहे : कबड्डीनंतर साखर आधी वर, मग रात्री खाली
परभणीतला 19 वर्षांचा खेळाडू. टाइप 1 मधुमेह, दिवसाला चार इंजेक्शनं. संध्याकाळी 6 ते 7:30 सराव. सुरुवातीला साखर 140, चढाया झाल्यावर 230, अन् रात्री 2 वाजता 62.

वर का जाते ते कळतं: जोराच्या चढाईत अ‍ॅड्रेनालिन यकृताला साखर सोडायला लावतं, स्नायू तेवढी ओढत नाहीत. रात्री मात्र तेच रिते झालेले स्नायू ग्लायकोजेन (साखरेचा साठा) भरत बसतात, आणि टोचलेलं इन्सुलिन काही आपोआप कमी होत नाही. 230 बघून घाईनं घेतलेला जादा डोस, घात बहुधा तिथंच.

तर त्या 230 ला अर्धा डोस द्यावा, की 10 मिनिटं सावकाश पळवून तासाभरानं परत साखर तपासावी? सरावाच्या दिवशी रात्रीचं बेसल (संथ, लांब काम करणारं इन्सुलिन) 20 टक्के कमी करून कुणाला फरक पडला का? जेवणात ज्वारीच्या दोन भाकरी, वरण. झोपताना कपभर दूध पुरेल का?

मांडीत टोचणं बंद केलंय, पोटातच घेतो. 70 च्या खाली 15 ग्रॅम ग्लुकोज, 15 मिनिटांनी तपासणी, हे पाळलं जातं. डोस डॉक्टरांना विचारूनच बदलू, पण खेळाडूंचे आकडे ज्यांनी पाहिलेत त्यांनी जरूर सांगा.