पोषणाचे वर्ग चालवायला निधी कोठून उभा करावा?

प्रश्न (जव्हार, जि. पालघर)

नमस्कार. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील काही पाड्यांवर आमची लहान संस्था गरोदर स्त्रिया आणि दोन वर्षांखालील मुलांच्या आया यांच्यासाठी पोषणाचे वर्ग घेते. वर्गात भाषण नसते. नागली, तूरडाळ, शेंगदाणे, शेवग्याचा पाला असे जे घरात असते, त्यातूनच बाळाचे जेवण शिजवून दाखवले जाते. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला अनेक घरांत पातळ पेज भरवतात आणि त्याचे इवलेसे पोट पाण्यानेच भरते. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकी घट्ट पेज, तिच्यात शिजलेली डाळ आणि थोडे तेल, एवढे आईने स्वतःच्या हाताने एकदा केले की ते तिच्या लक्षात राहते.

हे शिकवणाऱ्या बायका त्याच पाड्यांवरच्या आहेत आणि त्यांचे मानधन हीच आमची अडचण आहे. देणगीदार धान्य, भांडी, वजनकाटे आनंदाने देतात. मानधनाचे नाव काढले की ‘प्रशासकीय खर्चाला आम्ही पैसे देत नाही’ असे उत्तर मिळते. कोणी यातून मार्ग काढला असल्यास कृपया सांगावे.

उत्तर १ (सनदी लेखापाल, ठाणे)

ताई, तुमचे देणगीदार कंपन्या असतील, तर त्यांचे हे उत्तर नियमाला धरून नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) निधी ज्या कामांवर खर्च करता येतो त्यांच्या यादीत, कुपोषण निर्मूलन आणि शिक्षण हे दोन्ही विषय आहेत. सीएसआर नियमांतील ५ टक्क्यांची प्रशासकीय मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला लागू होते. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरला जात नाही. तुमच्या कामात शिकवणे हाच प्रकल्प आहे, म्हणून अंदाजपत्रकात मानधन ‘अंमलबजावणी’ या शीर्षाखाली सर्वांत वर लिहा. शिवाय ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी मागितली, तर सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत काम चालू ठेवता येते. संस्थेची १२ए आणि ८०जी ही करसवलतीची नोंदणी, सीएसआर-१ हा सीएसआर निधी घेण्यासाठीचा नोंदणी क्रमांक आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा दाखला मात्र हाताशी हवा.

उत्तर २ (ग्रामसभा कार्यकर्ता, नाशिक)

कंपनीचा निधी आज आहे, उद्या नाही. तुमचे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात (संविधानाने विशेष तरतूद केलेल्या आदिवासी भागात) येतात, त्यामुळे आदिवासी उपयोजनेतील, म्हणजे आदिवासी विकासासाठी राखलेल्या सरकारी तरतुदीतील, ५ टक्के थेट निधीकडे आधी पाहावे, असे मला मनापासून वाटते. २०१५ पासून हा निधी पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना मिळतो आणि आरोग्य, स्वच्छता व शिक्षण हा त्याच्या वापराचा एक ठरलेला भाग आहे. प्रत्यक्षात बराचसा पैसा रस्ता, गटार, सभामंडप यांकडे वळतो, कारण ग्रामसभेत दुसरी मागणी कोणी लेखी मांडतच नाही. ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेत तुमच्या वर्गातल्या आयांनीच ठराव मांडावा, त्यात शिकवणाऱ्या बायकांची संख्या, महिन्याचे वर्ग आणि मानधनाचा आकडा स्पष्ट असावा, आणि तो इतिवृत्तात नोंदला गेल्याची खात्री करूनच उठावे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील महिला व बालकल्याणाचे १० टक्केही आहेत, पण लहान गावांत ती रक्कम फारच तुटपुंजी असते. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित (एका ठरावीक कामाशी न बांधलेला) निधी मिळतो. त्यातून शिधा-सरपणाचा खर्च निघेल.

उत्तर ३ (अंगणवाडी पर्यवेक्षिका)

ताई, अंगणवाडीला बाजूला ठेवून वर्ग घेऊ नका, एवढी विनंती. पोषण अभियानात अंगणवाडी स्तरावर महिन्याला दोन समुदाय आधारित कार्यक्रम ठरलेले आहेत आणि प्रत्येकासाठी २५० रुपयांची तरतूद आहे. रक्कम अगदी थोडी आहे, पण त्याच दिवशी आया एकत्र येतात, तेव्हा तुमच्या बायकांनी तिथेच पेज शिजवून दाखवली, तर सेविकेचे कामही हलके होईल.

आणखी एक गोष्ट अंदाजपत्रकात सहसा सुटते. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांचे वजन घसरण्याची भीती नेमकी त्याच महिन्यांत सर्वाधिक असते. बारा महिन्यांचे मानधन पाड्यावरच्याच वर्गांसाठी दाखवले, तर हे महिने वाया जातील. निदान दोघींचा भट्ट्यांपर्यंतचा प्रवासखर्च आणि तिथल्या वर्गांचे मानधन आताच वेगळे मांडून ठेवा, आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीला या मुलांची यादी दिवाळीपूर्वी पाठवा.