मदत हवी आहे : हॅलोविनसाठी कोकम-गोकर्णाचे मद्यविरहित बर्फाळ पेय मऊ गोठवावे कसे?

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याजवळ आमचा लहानसा होमस्टे आहे. ३१ ऑक्टोबरला मुक्कामाला येणाऱ्या कुटुंबांनी मुलांसाठी हॅलोविनची मेजवानी करायचे ठरवले आहे. लाल भोपळे कोरणे आणि पोशाखांची तयारी ते स्वतःच करणार असून पेयाची जबाबदारी त्यांनी माझ्यावर सोपवली आहे. पेय बर्फाळ असावे, दिसायला भीतिदायक असावे आणि त्यात मद्याचा थेंबही नसावा, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. बाजारातील भडक रंगाची सिरपे मला वापरायची नाहीत, कारण कुंपणावर गोकर्ण फुललेली आहे आणि घरात उन्हाळ्यात भरून ठेवलेले आगळ (कोकमाचा खारवलेला रस) व अमृत कोकम (कोकमाचा साखरेत मुरवलेला रस) दोन्ही आहे.

माझी कल्पना अशी आहे की, ग्लासात तळाशी गोकर्णाच्या फुलांचा निळा बर्फ भरावा आणि मुलांच्या डोळ्यांदेखत त्यावर कोकमाचा लाल रस ओतावा, म्हणजे दोन्ही मिळतात तिथे जांभळा रंग उतरेल. नाव ‘गिऱ्ह्याचे सरबत’ ठेवणार आहे, कारण गिऱ्हा हे पाण्यातलेच भूत. वेताळाचे नाव कोणी सुचवू नये. आरवलीचा वेतोबा हा आमच्याकडे देव आहे, पार्टीतला विनोद नव्हे.

अडचण गोठवण्याची आहे. परदेशी पाककृतींमध्ये एक तर मद्य असते किंवा स्लशचे (भुसभुशीत बर्फाळ पेयाचे) यंत्र गृहीत धरलेले असते. माझ्याकडे दोन्ही नाही, आणि साध्या फ्रीझरमध्ये ठेवलेले सरबत दगड होऊन बसते. त्यातच आमच्याकडे संध्याकाळी वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. आगळ वापरावे की अमृत कोकम? आणि एका पाहुण्यांनी धूर निघावा म्हणून ड्राय आइस आणण्याची तयारी दाखवली आहे, ते कितपत योग्य आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माडाखाली यांचा प्रतिसाद

ताई, मद्याचे पेय फ्रीझरमध्ये मऊ का राहते हे लक्षात घेतले, तर तुमचा अर्धा प्रश्न सुटेल. पाण्यात विरघळलेले रेणू जितके जास्त, तितका गोठणबिंदू खाली जातो. मद्याचा रेणू साखरेच्या रेणूपेक्षा सुमारे सातपट हलका असल्यामुळे, तेवढ्याच वजनात त्याचे सातपट रेणू मावतात. वजनाने दहा टक्के मद्य असलेले पाणी उणे चार अंशांच्या आसपास गोठू लागते, तर तेरा टक्के साखरेचे सरबत उणे एक अंशही गाठण्याआधीच गोठू लागते. म्हणून मद्य वगळून बाकी सर्व प्रमाण तसेच ठेवले, की बर्फाची लादी मिळते.

उपाय असा की, एक लिटर तयार सरबतात १३० ते १५० ग्रॅम साखर असावी आणि त्यातील साधारण तिसरा हिस्सा साखरेऐवजी ग्लुकोज पावडरचा असावा. ग्लुकोजचा रेणू साखरेच्या जवळपास निम्म्या वजनाचा असल्यामुळे तेवढ्याच वजनात तो गोठणबिंदू अधिक खाली नेतो, आणि तो कमी गोड असल्यामुळे सरबत घशाशी येत नाही. साखर याहून बरीच कमी केली, तर बर्फाचे मोठे, खडबडीत स्फटिक होतात.

मऊपणासाठी इंटरनेटवर ग्लिसरीन घालण्याचा सल्ला दिसेल, पण मुलांच्या पेयात ते घालू नये. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०२५ मध्ये दिलेल्या सूचनेनुसार ग्लिसरॉल (म्हणजेच ग्लिसरीन) असलेले स्लश पेय सात वर्षांखालील मुलांना देऊ नये, कारण लहान शरीरात त्यामुळे रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

आगळ की अमृत कोकम, याचे उत्तर अमृत कोकम. आगळात मीठ भरपूर असते. ते गोठणबिंदू खाली आणेल खरे, पण पेय सोलकढीच्या वाटेने जाईल. मात्र अमृत कोकम साखरेतच मुरलेले असल्याने पातळ केल्यानंतरच चव पाहून वरची साखर ठरवावी.

खळ्यावरून यांचा प्रतिसाद

विजेचा प्रश्न फ्रीझरने सुटणार नाही, त्यामुळे तो नाद सोडा आणि जुना आइस्क्रीमचा पॉट शोधा. लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा आणि वर दांडा असलेला हा पॉट वेंगुर्ल्यात कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर नक्की असेल. डब्याभोवती फोडलेला बर्फ आणि खडे मीठ वजनाने तीनास एक या प्रमाणात थरांनी भरले, की ते मिश्रण घरगुती फ्रीझरइतके थंड होते. या जोडीचा नीचांक उणे २१ अंश सेल्सिअस आहे. दांडा सतत फिरत राहिल्यामुळे स्फटिकांना मोठे व्हायला उसंत मिळत नाही, आणि स्लशचे यंत्र तरी याहून वेगळे काय करते? हाताला जडपणा जाणवू लागला, की लगेच थांबावे. त्यापुढे फिरवत राहिलात, तर सरबताचे आइस्क्रीम होईल. सरबत आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये गार करून ठेवले, तर मेहनत बरीच वाचते. दांडा फिरवण्यासाठी मुलांची रांग लागेल, हा माझा अंदाज आहे.

डबा जुना असेल, तर आतली कल्हई नीट पाहून घ्यावी. कोकम आंबट असल्यामुळे उघड्या तांब्या-पितळेला ते लागता कामा नये. शंका असल्यास त्याच मापाचा स्टीलचा डबा बसवून घ्यावा.

बर्फाबाबत एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. मासळीबाजारातून आणलेली लादी बादलीत डब्याच्या बाहेर चालेल, परंतु ती ग्लासात कदापि जाऊ नये, आणि डब्याचे झाकण उघडताना खारट पाणी आत सांडणार नाही हेही पाहावे. अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून तो निळा करण्याचे बंधन महाराष्ट्रात २०१८ मध्ये घातले गेले. तुमचा पेयातला बर्फही निळाच असणार, म्हणून वाढण्याआधी पाहुण्यांना गोकर्णाची फुले दाखवलेली बरी, नाहीतर भीती भलत्याच कारणाने वाटायची.

रंगपेटी यांचा प्रतिसाद

ड्राय आइसला स्पष्ट नकार द्यावा. तो उणे ७८.५ अंशांवर असलेला घनरूप कार्बन डायऑक्साइड असतो, हाताला लागला तर कातडी भाजते आणि चुकून गिळला गेला तर जिवावर बेतते. बंद खोलीत त्याचा वायू जमिनीलगत साचतो, आणि मुलांची उंची तेवढीच असते. टॉनिक वॉटर अतिनील दिव्याखाली निळे चमकते हे खरे असले, तरी ते क्विनाइनमुळे कडू असते. मुले एका घोटानंतर ग्लास ठेवून देतील.

तुमची रंगबदलाची कल्पना मात्र उत्तम आहे आणि ती हमखास साधेल. गोकर्णाचा रंग आम्ल नसताना निळा राहतो आणि आंबट लागताच जांभळा होतो. त्यामुळे निळ्या भागात लिंबाचा थेंबही जाऊ देऊ नका. पाणी, साखर, ग्लुकोज आणि फुले एवढेच पुरे. फुलांचे हिरवे देठ काढून फक्त पाकळ्या गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवाव्यात आणि गाळून घ्याव्यात. कोकमाचा भाग गोठवू नका. तो फक्त गार करा आणि नेहमीच्या सरबतापेक्षा दाट ठेवा, म्हणजे तो निळ्या बर्फातून ओघळत खाली उतरेल. दोन्ही गोठवले, तर रंग एकमेकांत शिरणारच नाहीत आणि सगळी गंमत जाईल.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. शेजारच्या काकूंकडे पॉट मिळाला असून तो कल्हईला दिला आहे. ड्राय आइसबाबत पाहुण्यांना नम्रपणे नाही कळवले आहे.

आता सजावटीबद्दल थोडे विचारते. डोळ्यांसाठी ताडगोळे सर्वांत शोभले असते, पण ऑक्टोबरात ते मिळणार नाहीत, म्हणून शहाळ्याच्या मलईच्या गोल चकत्या कापून मध्ये काळी मनुका बसवण्याचा विचार आहे. ग्लासात वळवळणाऱ्या जळवा दिसाव्यात म्हणून चायना ग्रासमध्ये (जेलीसाठीचे अगर-अगर) कोकम घालून पट्ट्या करता येतील का? आणि धुक्याऐवजी वरून नारळाचे दूध सोडले, तर ते फाटेल का?

माडाखाली यांचा प्रतिसाद

चायना ग्रास आधी नुसत्या पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे आणि आचेवरून उतरवल्यानंतरच कोकम मिसळावे, कारण आंबटासोबत उकळल्यास त्याची घट्ट होण्याची शक्ती कमी होते. एकदा घट्ट झालेले चायना ग्रास ऑक्टोबरच्या उकाड्यातही वितळत नाही. पट्ट्या फ्रिजमध्येच ठेवाव्यात. गोठवल्या तर नंतर पाणी सुटते. लहानग्यांच्या ग्लासात त्या बारीक चिरून घालाव्यात आणि मनुकेऐवजी भिजवलेला सब्जा वापरावा, म्हणजे घशात अडकण्याची भीती कमी होते.

नारळाचे दूध कोकमात लगेच फाटत नाही, नाहीतर सोलकढी झालीच नसती. पण फार वेळ ठेवले तर स्निग्धांश वर येऊन तरंगतो, आणि गोठवून पुन्हा सैल केले तर ते रवाळ होते. म्हणून पहिले दाट दूध ऐनवेळी काढून, ग्लास हातात देताना चमच्याच्या पाठीवरून सोडावे. ते कोकमात हळूहळू पसरते आणि कडेने गुलाबी होत जाते, तेव्हा ग्लास काचेचेच असू द्यावेत.