डग्गा नव्हे, 'दाखा'

गांजासाठी असलेला आफ्रिकान्स भाषेतला (दक्षिण आफ्रिकेतल्या, डचमधून निघालेल्या भाषेतला) शब्द रोमी लिपीत दोन 'जी' घालून, dagga असा लिहिला जातो, त्यामुळे मराठीत उतरवताना तो सहज 'डग्गा' होतो आणि तबल्याच्या जोडीला जाऊन बसतो. त्या भाषेत 'जी' या अक्षराचा उच्चार मात्र घशातून घासून येणाऱ्या ख-सारखा, उर्दू 'ख़बर'मधल्यासारखा होतो, आणि अक्षर जोडून लिहिण्याचा हेतू आधीचा स्वर ऱ्हस्व आहे एवढे दाखवणे हाच असतो. म्हणून 'दाखा' हेच लेखन मला मूळ उच्चाराच्या अधिक जवळचे वाटते.

शब्द डच वाटला तरी तो डच नाही. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाकडच्या केप भागातल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे खोईखोई लोकांच्या भाषेत तो 'दाखाब' असा होता. त्यातला शेवटचा 'ब' हा पुल्लिंगी एकवचनाचा प्रत्यय असून डच वसाहतवाल्यांनी तो गाळून उरलेला शब्द उचलला. केपमधली डच वसाहत वसवणाऱ्या यान व्हान रिबेक याच्या 1658 च्या रोजनिशीत तो आढळतो, आणि तिथे तो ओढण्याच्या नव्हे, तर खाण्याच्या मादक पुडीसाठी आला आहे.

याच नावाने तिथे आणखी एक वनस्पती ओळखली जाते. 'विल्डे दाखा', म्हणजे रानदाखा, हे नारिंगी फुलांचे झुडूप गांजाच्या नव्हे, तर तुळशीच्या कुळातले आहे. त्याची सख्खी बहीण आपल्याकडे पडीक जमिनीवर, रस्त्याकडेला उगवते: चौकोनी दांड्यावर ठरावीक अंतराने ओवलेले काटेरी गोळे आणि त्यांतून डोकावणारी केशरी फुले पाहून आपल्या लोकांनी तिला 'दीपमाळ' म्हटले. एकाच घराण्यातल्या झाडांना केपमध्ये नशेवरून आणि आपल्याकडे देवळापुढच्या दिव्यांवरून नाव मिळावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

आपला 'भांग' हा शब्दही आफ्रिकेत पोहोचला आहे, पण तो पूर्व किनाऱ्याने: स्वाहिलीत 'बांगी', शोना भाषेत 'म्बांजे'. 'दाखा'चा त्याच्याशी संबंध जोडू नये.

दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीत पुष्कळदा याच अक्षरांनी लिहिला जाणारा दुसरा एक शब्द आहे, त्याचा उच्चार मात्र साध्या 'ग'ने 'डागा' असा होतो. तो झुलू आणि खोसा भाषांतल्या 'उडाका'वरून, म्हणजे चिखल किंवा बांधकामाचा गारा या अर्थाच्या शब्दावरून आला. चिखलात लोळणाऱ्या म्हाताऱ्या रानरेड्यांना तिथे 'डागा बॉय' म्हणतात, ते या चिखलामुळे. गांजाशी त्यांचा काही संबंध नाही.