मदत हवी आहे : पहिल्या मुलाखतीत एकांत कसा मिळवावा?

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत समुपदेशन करताना पहिल्याच मुलाखतीत एक अडचण वारंवार येते. सोबत आलेली सासू खुर्ची पुढे ओढून बसते आणि ‘झोप कशी लागते?’ या प्रश्नाचेही उत्तर तीच देते. सून पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहते. घरच्यांकडून माहिती घेणे आवश्यकच आहे, परंतु पीएचक्यू-९ या नैराश्य तपासण्याच्या प्रश्नावलीतील जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारांबद्दलचा नववा प्रश्न त्यांच्यासमोर विचारणे मला योग्य वाटत नाही, आणि घरात फवारणीचे औषध असताना तो पुढच्या भेटीवर ढकलताही येत नाही. गोपनीयता समजावून सुरुवातीलाच बाहेर थांबण्याची विनंती केली, तर नातेवाईक दुखावतात. शेवटी केली, तर एसटी गाठण्याची घाई असते. खोली एकच आहे, सहकारी नाही. अशा वेळी एकांत नेमका केव्हा आणि कोणत्या शब्दांत मागावा?