ठोका चुकतो, पळतो, थांबतो : आपापले अनुभव लिहा

नाडी अचानक दोनशेच्या घरात जाणं किंवा पस्तिशीत उतरणं ज्यांनी स्वतः किंवा घरच्या माणसासोबत सोसलंय, त्यांनी लिहावं. निदान कसं झालं, उपचारात काय वाटलं, रोजच्या जगण्यात काय बदललं. सुरुवात मी करते.

नाशिक, वय ४१

पहिल्यांदा झालं ते सव्विसाव्या वर्षी, पोळ्या लाटताना. एका क्षणात धडधड सुरू, वीस मिनिटांनी तशीच एकदम बंद. दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल. ‘ॲसिडिटी असेल’, ‘टेन्शन घेता तुम्ही.’ अकरा वर्षं हेच ऐकलं. शेवटी मलाही वाटायला लागलं की दोष माझ्या मनाचाच असणार. हे फार वाईट असतं.

मग आमच्या गल्लीतले डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी सुरू झालं की रांगेत थांबू नका, सरळ आत या. गेले. ईसीजीच्या पट्टीवर ठोके १९६. एसव्हीटी, म्हणजे हृदयातल्या विजेच्या जादा वाटेमुळे एकदम सुरू होणारी धडधड. तो कागद हातात आला आणि मी तिथेच रडले.

रुग्णालयात धडधड थांबवायला ॲडेनोसिनचं इंजेक्शन दिलं. काही सेकंद जीव चाललाय असं वाटतं. नर्सताईंनी आधी सांगून हात धरला होता. पुढे ॲब्लेशन केलं. मी जागी होते, भूल फक्त जांघेत. तिथल्या शिरेतून तारा हृदयापर्यंत नेतात, मुद्दाम तीच धडधड सुरू करतात, विजेची ती जादा वाट शोधतात आणि तेवढा ठिपका उष्णतेने जाळतात. माझी धडधड त्यांच्या पडद्यावर सुरू झाली तेव्हा ‘हेच, हेच ते’ असं मी मोठ्याने म्हणाले. नंतर सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. याला चार वर्षं झाली, पुन्हा काही नाही.

एकच कळकळीने सांगते : त्रास चालू असतानाच ईसीजी काढून घ्या आणि ती पट्टी जपा. तिचा फोटोही काढून ठेवा, कागदावरची शाई उडते.

सांगली, वडिलांबद्दल

बाबांना लहानपणी सांधेताप आला होता. त्यातून हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाली, हे कळलं साठीत, तेही अर्धांगाचा सौम्य झटका आल्यावर. एएफ (एट्रियल फिब्रिलेशन) होतं. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूत जाते. बाबांना धडधड अशी कधी जाणवलीच नव्हती, फक्त दम लागायचा.

वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायला सांगितलाय. नवी रक्त पातळ करणारी औषधं का नकोत, असं मी विचारलं. अशा झडपेला वॉरफरिनच, असं डॉक्टरांनी समजावलं. आमचा घोळ व्हायचा श्रावणात. उपासांमुळे जेवण बदलायचं आणि आयएनआर हलायचा. मेथी-पालक बंद करायची नाही, दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची, हे आईने आता कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. आणि गुडघा दुखला म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणायची नाही. शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेलीसुद्धा नाही.

पुणे, वय ३४

माझं छोटं आहे. ठोका चुकल्यासारखा वाटायचा, रात्री डाव्या कुशीवर जास्त. २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजी यंत्र, लावलं. लाखभर ठोक्यांत साडेआठशे जादा निघाले. इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि थायरॉइड व्यवस्थित. औषध नाही. चहा कमी केला, झोप वाढवली. ठोके अजून आहेत, भीती गेली.

रत्नागिरी, आजीबद्दल

आजी तुळशीपाशी चक्कर येऊन पडली. नाडी ३४. पूर्ण हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा विजेचा संदेश खाली पोचतच नव्हता, म्हणून पेसमेकर. तिचा पहिला प्रश्न, ‘मिक्सर लावू का?’ मिक्सर चालतो. इंडक्शनच्या शेगडीपासून निदान दोन फूट लांब राहायचं आणि मोबाइल उजव्या कानाला धरायचा, एवढंच. पेसमेकर डाव्या बाजूला, म्हणून डावा हात काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, तेव्हा आई रोज तिचे केस विंचरायची. त्या दोघी तेवढ्या बोलताना मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या.

नऊ वर्षं ती छान जगली. गेली तेव्हा तिला रुग्णालयातून घरी आणण्याआधी डॉक्टरांनी पेसमेकर काढून घेतला, कारण चितेत तो फुटतो. कोणी आधी सांगितलं नसतं तर आम्हाला हे माहीतच नव्हतं, म्हणून लिहिलं.