मदत हवी आहे: लालपत्ती लाल होत नाही, शेवंतीला कळी नाही. थंडीत टेरेसवर रंग कसा आणू?

कर्वेनगरला पहिल्या मजल्यावर पूर्वेची टेरेस आहे. सकाळी साडेसात ते साडेबारा चांगलं ऊन असतं. कुंड्या साधारण पंचवीस. पावसाळ्यात नुसतं हिरवंगार होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण थंडीत पुण्यातल्या बाकी सगळ्यांच्या बागा फुलतात आणि माझी मात्र पालेभाजीच्या वाफ्यासारखी दिसते.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात लालभडक लालपत्ती (पॉइन्सेटिया) आणली होती. ती जगली, चांगली कमरेएवढी झाली, पण गेल्या हिवाळ्यात एक पान लाल झालं नाही. यंदाही नोव्हेंबर संपत आला तरी हिरवीच. शेवंतीच्या तीन कुंड्यांचं तेच. पानं टवटवीत, कळीचा पत्ता नाही. शेणखत घातलं, निंबोळी पेंड घातली, मावा पडला होता तो धुऊन काढला. सासूबाई म्हणतात, "लाड जास्त झालेत, पाणी तोड." तोडलं. पानं गळली, मग घाबरून पुन्हा सुरू केलं.

दोन प्रश्न. या दोघींचं काय चुकतंय? आणि आत्ता या घटकेला दुसरं काय लावलं तर जानेवारीपर्यंत रंग दिसेल?
– कुंडीवाली

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, सोपा आहे. बिया पेरायची वेळ गेली, ती सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. आता सरळ तयार रोपं आणा. हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, एक रविवार काढा. पिटुनिया, डायंथस, पॅन्झी, फ्लॉक्स, कॅलेंडुला घ्या. फुलांनी भरलेलं रोप हौसेने उचलू नका, कळ्या असलेलं बुटकं आणि घेरदार घ्या. घरी आणल्यावर पिटुनियाचे शेंडे एकदा खुडा. जिवावर येतं, पण फुटवे त्यानेच येतात. सुकलेली फुलं रोज काढायची. बी धरू दिलंत की झाड फुलायचं थांबतं.
– मातीकाम

नॅस्टर्शियम राहिलं. त्याचं बी अजूनही थेट कुंडीत टोचता येईल, फक्त फुलं जानेवारीच्या शेवटाकडे धरा. आणि त्याला खत अजिबात नको! मी पहिल्या वर्षी प्रेमाने शेणखत घातलं तर कमळासारखी पानं आली आणि फुलं मोजून चार. पानं तिखटसर लागतात, आम्ही कोशिंबिरीत घालतो.
– हिरवाचुडा

ताई, एक विचारू? टेरेसवर रात्री उजेड असतो का? रस्त्याचा दिवा, पार्किंगचा, कुठलाही?
– पर्वतीपायथा

अरे देवा. हो. गेल्याच्या गेल्या दिवाळीत शेजारच्या इमारतीने पार्किंगमध्ये मोठा एलईडी फ्लडलाइट बसवला. रात्रभर आमच्या टेरेसवर चांदणं पडल्यासारखं असतं. मी तर खूश होते, रात्री पाणी घालायला दिवा लावावा लागत नाही म्हणून.
– कुंडीवाली

मग खताचा, पाण्याचा, लाडांचा काही संबंध नाही. लालपत्ती आणि शेवंती दोन्ही मोठ्या रात्रीची झाडं. सलग बारा-तेरा तास गडद अंधार रोज मिळाला की त्यांना कळतं थंडी आली, आता फुलायचं. पुण्यात या दिवसांत सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि पावणेसातला उगवतो, म्हणजे रात्र आपोआप पुरेशी मोठी असते. मधे दिवा आला की झाडाच्या लेखी ती रात्र उरतच नाही.

शेवंतीवाले शेतकरी हीच युक्ती उलटी वापरतात. पॉलीहाउसमध्ये मुद्दाम रात्री दिवे लावून फूल लांबवतात, म्हणजे हव्या त्या बाजाराला माल तयार होतो. तुमच्या शेजाऱ्यांनी तेच फुकटात करून दिलंय.

उपाय असा. लालपत्तीवर रोज संध्याकाळी सहाला मोठं खोकं उपडं घाला आणि सकाळी आठला काढा. फटीतून उजेड जाता कामा नये. दिवसा मात्र पूर्ण ऊन. एकही रात्र चुकवायची नाही, दोन महिने. नाताळ हुकणार, पण जानेवारीअखेरीस लाल दिसेल. तो लाल भाग म्हणजे फूल नव्हे, पानंच रंगतात, खरी फुलं मधली पिवळी बारीक. छाटणी कराल तेव्हा चीक हाताला लावून घेऊ नका, खाज सुटते.
– पर्वतीपायथा

आणि दिव्याच्या झोतात पिटुनिया ठेवा, त्याला मोठा दिवस चालतो, उलट आवडतोच. शेवंती दिव्याआड भिंतीलगत न्या.
– मातीकाम

कोणी कोरांटीचं नाव काढत नाही याचं आश्चर्य वाटतं. जांभळी, पिवळी, पांढरी, ऐन थंडीत फुलते, दरवर्षी विकत आणावी लागत नाही. पॅन्झी मार्चच्या उन्हात मान टाकते, कोरांटी तिथेच असते. मोठी कुंडी आणि कठडा असेल तर संक्रांतवेलही लावा. यंदा नाही, पण एकदा रुळली की संक्रांतीच्या सुमारास केशरी फुलांनी पान दिसत नाही. ही ब्राझीलची पाहुणी, पण नाव आपण अस्सल दिलंय.
– जुनीवाडी

सगळ्यांचे आभार. काल मिक्सरचं खोकं घालून पाहिलं, लालपत्तीची निम्मी उंचीसुद्धा झाकेना. शेवटी वॉशिंग मशीनचं खोकं माळ्यावरून काढलं, आतून काळा कागद चिकटवला. सहाचा गजर लावलाय. यजमान विचारत होते, रोज संध्याकाळी कोणाला झोपवतेस? शेवंती स्वयंपाकघराच्या भिंतीआड हलवली, तिथे खरंच काळोख आहे. पिटुनिया रविवारी आणणार.

पर्वतीपायथा, एक राहिलं: गावाला तीन दिवस जायचंय, तेव्हा कुंडी न्हाणीघरात बंद करून ठेवली तर चालेल का?
– कुंडीवाली

नाही, दिवसा ऊन हवंच. खोकं शेजारणीकडे सोपवा आणि गजरसुद्धा. शेजारची इमारत सोडून.
– पर्वतीपायथा